कीर्तनात स्वतःचं चिंतन सांगावं का? सावतोबांच्या पुण्यतिथीची सेवा, पट्टी आणि पावसाळी पखवाज

जांबोटीची_लेक

रामकृष्णहरी माउली.

आषाढ वद्य चतुर्दशीला खानापूर तालुक्यातल्या एका गावात सावता महाराजांच्या पुण्यतिथीची कीर्तनसेवा आहे. सप्ताहाच्या मंडळींचं म्हणणं असं, की यंदा नुसतं चरित्र नको. श्रद्धा कशी टिकते, गाण्यानं माणसाच्या आत काय होतं आणि रोजच्या साध्यासुध्या गोष्टींत सुख कुठं असतं, यावर ‘ताई, तुमचं स्वतःचं चिंतन’ ऐकवा. प्रवचनात हे खपून जातं. नारदाच्या गादीवर उभं राहून ‘मला असं वाटतं’ म्हणावं का, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न पट्टीचा, म्हणजे कोणत्या सुराला ‘सा’ धरून गायचं त्याचा. सेवेची पट्टी काळी चार आहे. गावच्या भजनी मंडळाचा पखवाज काळी एकला लागतो आणि त्यांच्याकडे तेवढा एकच आहे. एक जुनी पेटी, वीणा आणि बारा-चौदा टाळकरी. सभामंडपावर पत्रा आहे आणि दिवस कसले आहेत ते तुम्हाला माहीतच.

तिसरं, समोर निम्मी मंडळी घरात कानडी बोलणारी असतात. मराठी समजतं, पण जुन्या मराठीतले शब्द अडतात. वेळ हरिपाठानंतर, पावणेआठपासून. अनुभवी माउलींनी नीट सांगावं, अगदी मिनिटांच्या हिशेबानं सांगितलं तरी चालेल.

वीणेकरी

रामकृष्णहरी ताई.

चिंतन जरूर सांगा, पण त्याला चरणाचा आधार हवा. वारकरी कीर्तनात बोलणारा स्वतःच्या नावावर काही खपवत नाही. अभंग संतांचा, प्रमाण संतांचं, आपण मधले. तरी दृष्टांत कुणाचा असतो? आपलाच की. म्हणून तीन गोष्टी तपासून घ्या. जे सांगणार ते समोरच्या प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे का? तीन मिनिटांत संपतं का? आणि शेवटचं वाक्य चरणातल्या एखाद्या शब्दावर येऊन टेकतं का? तिन्ही जमत असेल तर खुशाल सांगा. ‘मला वाटतं’च्या जागी ‘आपण बघतो’ म्हणा. एवढ्यानंच गादीची मर्यादा राहते.

अभंग तर ठरल्यासारखाच आहे, ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी’. चार चरणांचा, लहान. मंडळींनी मागितलेल्या तिन्ही गोष्टी त्यात आहेत, वेगळा विषय मांडायची गरजच नाही.

पहिले दोन चरण भाजीचे: कांदा, मुळा, लसूण, मिरची, कोथिंबीर. इथं तुमचं साधं सुख. आपल्या भागातली भाजी रोज घाट उतरून गोव्याला जाते. मुळ्याची जुडी बांधताना पाल्याला पाणी मारतात, कोथिंबीर ओल्या गोणपाटात गुंडाळतात. का, तर सकाळी बाजारात ती टवटवीत दिसली पाहिजे. ज्याला आपण कधी भेटणार नाही त्याच्या ताटासाठी घेतलेली ही काळजी. सावतोबा अरणच्या मळ्यात राबले आणि मळ्यातच त्यांना विठाबाई दिसली, ते यापेक्षा वेगळं नव्हतं. एवढं बोला आणि थांबा. पुढं ‘म्हणून आपणही’ असं सुरू केलं की लोक चुळबुळ करतात.

तिसऱ्या चरणावर मात्र ठाण मांडून बसा: मोट, नाडा, विहीर, दोरी. पन्नाशीच्या आतल्या बहुतेकांनी मोट चालताना बघितलेली नाही, आणि कीर्तनकारही ‘पाणी काढायचं साधन’ म्हणून पुढे जातात. यंत्र उघडून दाखवा. मोटेचं वरचं तोंड रुंद, त्याला जाड नाडा बांधलेला. खाली निमुळती सोंड, तिला बारीक दोर, त्याला सोंदूर म्हणतात. नाडा वरच्या चाकावरून जातो, सोंदूर खालच्या आडव्या कण्यावरून. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून दूर जाणाऱ्या उतारावरून, उतरायला लागले की दोन्ही दोर बरोबरीनं ओढले जातात, आणि सोंड मोटेच्या तोंडाइतकीच उंच, दुमडलेली राहते. त्यामुळं पाणी सांडत नाही. मोट काठावर आली की सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, पसरते आणि सगळं पाणी पाटाला लागतं. आता सोंदूर हातभर लांब झाला तर? सोंड खाली लोंबते, बैल तेवढेच दमतात आणि वर रिकामी मोट येते.

गाण्यावरचं तुमचं चिंतन इथं सांगा. वजन ओढतो तो नाडा, म्हणजे श्रद्धा. सोंदूर पाणी ओढत नाही, पण वर येईपर्यंत सांडू देत नाही. ते काम गाण्याचं. आणि हे नुसतं बोलायला नाही, कीर्तन बांधायलाही हाच हिशेब लावा. सात-आठ मिनिटं निरूपण झालं की चरण गाऊन घ्या. दहाच्या वर गेलं की टाळकरी पाय बदलायला लागतात. सोंदूर लांब झाल्याची ती खूण.

चौथ्या चरणात ‘विठ्ठलपायीं गोविला गळा’. गळा म्हणजे मान आणि गळा म्हणजे आवाजही. हे फोडून सांगू नका. चरण दोनदा गा, दुसऱ्यांदा टाळ थांबवून नुसत्या वीणेवर. ज्याला कळायचं त्याला कळतं.

मिनिटं म्हणाल तर: ‘जय जय राम कृष्ण हरी’ आणि रूपाचा (विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा) अभंग मिळून १२. निरूपणाचा अभंग सबंध गायला ८. प्रस्तावना ५, त्याहून जास्त नको. पहिला चरण २०, दुसरा १०, तिसरा २५, चौथा १२. शेवटी गजर ८. म्हणजे १०० मिनिटं, साधारण सव्वानऊ-साडेनऊला आरती आणि पसायदान. लावणीचे दिवस आहेत. चिखलात दिवसभर वाकलेली माणसं समोर असतात, त्यांना अकरापर्यंत बसवणं बरं नव्हे.

दोन्ही_काठ

वीणेकरी माउलींशी एका गोष्टीवर जुळत नाही, ते शेवटी सांगतो. आधी कानडीचं.

आपल्या भागात कीर्तनकार हमखास ‘कानडा हो विठ्ठलु’नं सुरुवात करतात. चाल गोड आहे, पण त्यावर बोलायला गेलं की समोरच्यांचं लक्ष देवावरून सीमेवर जातं. गजरात घ्या, निरूपणात नको.

त्यापेक्षा मलप्रभा घ्या. कणकुंबीला उगम, म्हणजे तुमच्याच तालुक्यात. तिथून पूर्वेला वाहत बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला ती कृष्णेला मिळते. बसवण्णांच्या वचनांची मुद्रा, म्हणजे शेवटी येणारी नावाची खूण, ‘कूडलसंगमदेव’, ती याच संगमावरून. जांबोटी-खानापूरच्या आज्ज्या ज्या पाण्यात कपडे धुतात तेच पाणी तिथं पोचतं. समोरच्या कानडी माउलीला हे सांगितलं की तिला भाषांतर लागत नाही.

पुरंदरदासांसारख्या कानडी हरिदासांचं एखादं पद घ्यायचं असेल तर नुसती पल्लवी (ध्रुवपद) घ्या, सबंध पद नको. ‘पुरंदरविठ्ठल’ ही मुद्रा कानावर पडली की मंडळी आपणहून टाळी धरतात. उच्चारात आपल्याकडून तीन ठिकाणी घोटाळा होतो. कानडीत ए आणि ओ ऱ्हस्वही असतात. देवनागरीत लिहून घेतलं की आपण सगळेच लांबवतो आणि शब्दाचा अर्थच बदलतो. लिहिताना ऱ्हस्व ए-ओवर पेन्सिलीनं खूण करून ठेवा. दुसरं, च आणि ज. आपण ‘चमचा’तला, ‘जागा’ मधला करतो. कानडीत ‘चहा’तला आणि ‘जीव’ मधला, कायम. तिसरं, शब्दाच्या शेवटचा स्वर. मराठीत आपण शेवटचा अ गिळतो, कानडीत तो पूर्ण म्हणायचा. गावातल्याच एखाद्या अक्कांकडून दोनदा म्हणवून घ्या, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि त्याच्याबरोबर म्हणा. एका संध्याकाळचं काम आहे.

जुने शब्द अडतात म्हणालात. ‘गोविला’ला ‘गुंतवला’ म्हणा, मग कानडी बोलणाऱ्यालाही लागतं. ‘अवघी’ला ‘सगळी’. प्रत्येक चरणात दोनच शब्द सोडवा. चार सोडवले की शिकवणी होते.

आता मतभेद. श्रद्धेला नाडा आणि गाण्याला सोंदूर, हे जोडून दिलं की ऐकणाऱ्याला करायला काही उरत नाही. मोट नीट दाखवा आणि लगेच चरण गायला घ्या. जोडायचं काम लोक करतात. सांगायचंच असेल तर चौथ्या चरणात, एका वाक्यात.

धुमीवाला

पखवाजावर बोलतो. आषाढात खानापूर भागात सगळ्यात जास्त बिघडतं ते हेच.

हवेत ओल असली की कातडं सैल पडतं, सूर उतरतो. काळी एकला लावलेला पखवाज तासाभरात पांढरी एकपर्यंत येऊ शकतो, आणि शाईची पुडी, म्हणजे उजव्या तोंडावरचं कातडं, एका बाजूनं जास्त उतरते. मग ‘ता’ दोन सुरांत वाजतो. म्हणून पखवाज आयत्या वेळी देवळात आणू नका. हरिपाठाच्या आधी, सहा-सव्वासहाला आणून घोंगडीत गुंडाळून सभामंडपात ठेवा, म्हणजे तिथल्या हवेला तो रुळतो. हॅलोजनजवळ किंवा निखाऱ्याजवळ तापवू नका. तेवढ्यापुरता सूर चढतो, बाजूला घेतला की झपकन उतरतो. शिवाय शाईला तडे जातात, आणि तडा गेलेली शाई मग खपल्या सोडते.

पुडी मिळवताना गजऱ्यावर, म्हणजे तिच्या कडेच्या वेणीवर, हातोडी समोरासमोर चालवायची. एक घर ठोकलं की त्याच्या बरोबर समोरचं. ओळीनं गोल ठोकत गेलात तर पुडी एका अंगाला ओढली जाते. मोठा फरक असेल तर आधी चामड्याच्या वादीखालचे लाकडी गट्टे सरकवा, गजरा शेवटी, बारीक फरकासाठी. नटबोल्टचा पखवाज असेल तर चावी एका वेळी पाव फेरा, तीही समोरासमोरच. नटबोल्टवाला ओलीत जास्त तग धरतो, पण वादीच्या पखवाजाची गोलाई त्याला नाही.

आता धुमीची, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाची, कणीक. गव्हाचं पीठ, मीठ-तेल काही नाही, पोळीच्या कणकेपेक्षा थोडं सैल. दोन मुठी पीठ भिजवा, निम्मं लावायला आणि निम्मं ओल्या फडक्यात राखीव. धुमी आधी ओल्या हातानं पुसून घ्या, कोरड्या कातड्यावर कणीक धरत नाही. मधोमध तळहाताएवढी गोल थापा, मध्ये बोटभर जाड, कडेला पातळ करत न्या. कडा जाड राहिली तर जोरात थाप पडली की निघून टाळकऱ्याच्या अंगावर जाते. कणीक जास्त तसा सूर खाली. पुडीच्या सुराचा खालच्या सप्तकातला सूर येईपर्यंत कमी-जास्त करायची. थाप मारल्यावर ‘धूं’ लांबला पाहिजे. ‘धप्’ आलं तर कणीक फार झाली. ‘ठण्’ आलं तर कमी आहे किंवा वाळली.

पावसात ती तास-दीड तास टिकते. पंखा थेट धुमीवर असेल तर पाऊण तासातच वाळून भेगा पडतात. तिसऱ्या चरणाच्या सुरुवातीला, ताई मोटेबद्दल बोलत असताना, वादकानं बोटं ओली करून वरून फिरवावीत. बोलणं चालू असताना कुणाचं लक्ष जात नाही. आणि आरती झाली की लगेच खरवडून ओल्या फडक्यानं पुसायची. रात्रभर राहिली तर मुंग्या येतात, उंदीर कातडं कुरतडतात आणि धुमी कडक होते.

आणखी एक. टाळकऱ्यांची लय चढते, पावसात तर जास्तच, कारण पत्र्याच्या आवाजात एकमेकांचं ऐकू येत नाही. पखवाजवाल्याला टाळकऱ्यांच्या मध्ये उभं करा, एका टोकाला नको. भजनी ठेका आठ मात्रांचा, पहिल्या मात्रेवरची धुमी सगळ्यांच्या कानात पडली की लय धरून राहते.

जांबोटीची_लेक

किती नेमकं सांगितलंत, खूप आभार. पट्टीचं तेवढं राहिलं. काळी चार सोडून खाली यावं का? आणि पत्र्यावर जोराचा पाऊस आला तर काय करतात?

भाता_उघडा

ताई, खाली या, पण एकच टप्पा. कारण सांगतो.

काळी चार षड्ज (सा) धरला तर काळी एक हा तुमचा शुद्ध मध्यम (म) होतो. म्हणजे पखवाज सतत मध्यम वाजवत राहणार. भैरवीत किंवा मालकंसात चालून जातं, उलट शोभतं. पण भूपात मध्यमच नाही आणि यमनात तो तीव्र आहे, तिथं प्रत्येक समेवर खटकतं. हेच तुम्ही काळी तीनला उभ्या राहिलात तर काळी एक तुमचा पंचम होतो. पंचमाचा पखवाज मालकंस सोडला तर जवळजवळ सगळ्या चालींना चालतो. दोन पट्ट्यांत एका पूर्ण स्वराचाच फरक आहे. चाल तीच राहते आणि शंभर मिनिटांच्या सेवेत गळ्याला तेवढीच उसंत मिळते. आवाज बसतो तो बहुधा पहिल्या दहा मिनिटांतच, ‘पुंडलिक वरदे’ ओरडून म्हटल्यामुळं. तो जयघोष मधल्या सप्तकात घ्या, तार षड्ज शेवटच्या गजरासाठी राखा.

पेटी जुनी आहे म्हणालात, तर मोबाइलवरचा तंबोरा आधी पेटीशी ताडून बघा. जुन्या पेट्यांचे सूर आजच्या मापाला तंतोतंत नसतात, थोडे वर किंवा खाली असतात. पेटी तिथल्या तिथं मिळवता येत नाही. म्हणून क्रम असा: पेटीला वीणा, पेटीला पखवाज, आणि तंबोऱ्यात बारीक सूर सरकवायची सोय असते ती वापरून तोही पेटीला. उलटं करायला गेलात तर कुणाचंच कुणाशी मिळत नाही.

ओलीत पेटीचे दोन आजार. भाता मारला की पट्टी न दाबताच एखादा सूर वाजत राहतो. याचं कारण लाकूड फुगलेलं असतं किंवा पट्टीखाली कचरा जाऊन झडप पुरती बसत नाही. वरची फळी काढून ती पट्टी दोन-तीनदा उचलून सोडा, झडपेखालून कोरडा कागद फिरवा. दुसरा, एखादा सूर मुका होतो किंवा घरघरतो. पितळी जिभेत धूळ अडकलेली असते. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून हलक्या हातानं सरकवा. पिन किंवा ब्लेड घालू नका, जीभ खरवडली की सूर कायमचा बदलतो. एक दिवस आधी पेटी उघडून सगळे सूर वाजवून बघायला सांगा, कीर्तनाला दहा मिनिटं असताना नको.

पत्र्यावर पाऊस आला तर निरूपण रेटू नका. शब्द पोचत नाहीत, मग आपण आवाज चढवतो आणि गळा जातो. टाळकऱ्यांना आधीच खूण ठरवून द्या. हात वर गेला की ‘विठ्ठल विठ्ठल’ सुरू. सर ओसरेपर्यंत भजन. ओसरली की चालू चरण पुन्हा एकदा गायचा आणि जिथं थांबलात तिथून बोलायचं. वीणेकरी माउलींच्या हिशेबातून ती मिनिटं दुसऱ्या चरणातून कापा, तिसऱ्यातून नको.

वीणेकरी

कापायचं ते दुसऱ्यातूनच, बरोबर. आणि दोन्ही_काठ माउलींचं मोटेबद्दलचं म्हणणं मान्य. आधी दाखवावं, जोडणी चौथ्या चरणात एका वाक्यात. तसंच करा ताई.

भोंग्याचं राहिलं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सेवा साडेनऊला संपते म्हणून अडचण नाही, पण दिवसासाठीही लेखी परवानगी लागते, ती मंडळींनी आधीच काढून ठेवावी. पहाटेचा काकडा सहाच्या आत असतो, तो बिनमाइकचाच.

धुमीवाला

माइक पखवाजाला दोन देऊ नका, मंडप लहान आहे. एकच, शाईच्या बाजूला, वीतभर लांब. धुमीला माइक दिला की पत्र्याखाली नुसता घुमारा होतो आणि ताईंचे शब्द बुडतात.

जांबोटीची_लेक

काळी तीन ठरलं. मंडळींना पेटी उघडून बघायला आणि परवानगीचं आजच कळवते. भूपातल्या चालीवरचा रूपाचा अभंग आता बदलायची गरज नाही ना?

भाता_उघडा

नाही. काळी तीनला पखवाज पंचमात येतो, भूपात पंचम आहे. तोच ठेवा.